दाबोळी नौदलाकडे कशी गेली?

प्रश्न: दाबोळीचा विमानतळ बांधला पोर्तुगीजांनी, मग तो नौदलाकडे कसा? आणि आता मोपाचा नवा विमानतळ झाल्यावर तो बंद होणार का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: दाबोळी उभी राहिली नाकेबंदीच्या काळात. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे थांबली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी मुरगावच्या पठारावर धावपट्टी केली आणि ‘ताइप’ नावाची विमान कंपनीही काढली. तिची विमानं दमण, दीव आणि कराचीला जात.

१८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी ही धावपट्टी फोडली. टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता, त्यामुळे तिथली दोन प्रवासी विमानं वाचली. पोर्तुगीजांनी घाईघाईने खड्डे बुजवून उड्डाणापुरता पट्टा तयार केला आणि रात्री अंधारात ती दोन्ही कराचीला नेली.

मुक्तीनंतर तळ नौदलाकडे गेला. १९६४ मध्ये ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ कोइमतूरहून इथे आला. तेव्हा गोव्याला विमानाने येणारे होतेच किती? पुढे ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं सुरू झाली आणि खरी अडचण कळली. कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावाला राखीव, म्हणून बाकीची विमानं दुपारनंतर दाटीवाटीने. २०१३ मध्ये मोठं टर्मिनल झालं, पण धावपट्टी तीच एक.

मी दाबोळीजवळच्या चिखलीची. नौदलाचं सी हॅरियर लढाऊ विमान उतरायला आलं की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. आई बोलता बोलता थांबायची आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू. नौदलावर माझा राग नाही, त्या विमानांचा आम्हाला अभिमानच होता.

२००० साली मोपाला मंजुरी देताना दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद करायचं केंद्राने ठरवलं होतं. २०१० मध्ये तो निर्णय फिरला आणि ते फार बरं झालं. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं सुटतात. पेडणे, सावंतवाडीकरांची मोठी सोय झाली, तुम्हालाही मोपाच जवळ. पण काणकोणच्या माणसाला आजारी आईला मुंबईला न्यायचं असेल, तर मोपा गाठायला त्याला अख्खा गोवा ओलांडावा लागतो. त्याच्यासाठी दाबोळी चालू राहिलीच पाहिजे.