प्रोसिडिंग वाचल्याशिवाय उठू नकोस

बाये,

रविवारी ग्रामसभा उठल्यावर तू सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून राहिलीस. पाऊस लागला होता, माणसे मासळी बघायला बाजाराकडे पळत होती आणि तू तिथेच. मी तुझ्या बाजूने गेलो, छत्री उघडली आणि काही न बोलता घरी आलो. ते बरे केले नाही, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. म्हणून हे पत्र. मोबाइलवर एवढे लिहिणे माझ्या बोटांना झेपत नाही. नात फोटो काढून तुला पाठवील.

जाता जाता तू विचारलेस, "मास्तर, लोकांनाच डोंगर नको असेल तर मी कोणासाठी ओरडते?" त्याच्याकडे येतो. आधी दुसरे सांगतो, कारण ते माझ्या जिवाला लागून आहे.

डोंगराबद्दलचे भाषण चांगले झाले तुझे. टाळ्याही पडल्या. "तू पुण्याला शिकून आलीस, तुला गावचे काय कळते" असे जो मागून ओरडला, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझे नाव गावच्या मतदार यादीत आहे, आणि ग्रामसभेचा सदस्य व्हायला कायद्याला तेवढे पुरते. पण सभा संपताना सचिवाने वहीत प्रोसिडिंग, म्हणजे सभेचे इतिवृत्त, काय लिहिले, ते तू वाचलेस का? नाही वाचलेस. मी बघत होतो. तू पाण्याची बाटली शोधत होतीस.

आता माझी गोष्ट ऐक. तुझ्या आजीला ती ठाऊक आहे, पण तिने तुला वेगळी सांगितली असेल.

2006 च्या ऑगस्टमध्ये गोव्याचा 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठली जमीन कोणत्या झोनमध्ये ते ठरवणारा नकाशा, अधिसूचित झाला आणि डोंगर, कुळागरे (माड-पोफळीच्या बागा), शेते रंगीत पट्ट्यांखाली वसाहतीत, म्हणजे बांधकामाच्या झोनमध्ये, गेलेली लोकांनी पाहिली. गोवा बचाव अभियान उभे राहिले. आम्ही डिचोलीहून बस भरून पणजीला गेलो होतो. मी तेव्हा पंचायतीत पंच होतो, आवाजही होता. 2007 च्या जानेवारीत सरकारने आराखडा मागे घेतला. त्या दिवसाचा पेढा अजून जिभेवर आहे. मग 2021 पर्यंतच्या नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमले, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांसारखा माणूस त्यात होता, आणि या वेळी नकाशे गावोगाव पाठवून सूचना मागवल्या. गोव्यात अशी गोष्ट आधी कोणी पाहिली नव्हती. गावाला कोणी विचारले होते!

आम्ही सहा जण सर्व्हे प्लॅन घेऊन गाव फिरलो. दोन आठवडे. झर कुठे उगवते, पाट कुठून कुळागरात उतरतो, सातेरी देवीची राई कुठवर, गुरे सड्यावर, वरच्या पठारावर, कोणत्या वाटेने चढतात, सगळे लाल पेन्सिलीने उतरवले. ग्रामसभेत मी वीस मिनिटे बोललो. झरीच्या वरची उतरण हिरवीच राहिली पाहिजे, यावर एकही माणूस उलट बोलला नाही. त्या रविवारी मी जेवलोसुद्धा नाही, एवढा आनंद.

प्रोसिडिंगमध्ये लिहिले गेले: "प्रादेशिक आराखड्याच्या नकाशावर सविस्तर चर्चा झाली व सूचना पाठवण्याचे ठरले."

बस. कुठल्या सूचना? सर्व्हे नंबर कुठला? पाठवायच्या कोणी, कधी? काही नाही. पुढच्या सभेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले" असे लिहिले. वाचले कोणी नव्हते. खाली सूचकाचे नाव आहे आणि अनुमोदकाचे नाव आहे. अनुमोदक मी.

सचिव माझा विद्यार्थी होता, त्याच्यावर माझा विश्वास होता. घरात मुलीच्या लग्नाची धांदल होती. सव्वाबारा वाजले होते, माणसे चुळबुळत होती. ही कारणे मी पंधरा वर्षे स्वतःला सांगत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात खोटे काही नाही. अंतिम नकाशा आला तेव्हा झरीच्या वरची उतरण वसाहत म्हणून रंगवलेली. पुढे तिथे यंत्र आले, डोंगर कापला गेला. पूर्वी वैशाखातही वाहणारी झर आता शिगम्याला आटते. आम्ही कार्यालयात गेलो तेव्हा अधिकारी सज्जनपणे म्हणाला, "ठराव दाखवा." मी वही उघडून ती ओळ वाचली. त्याने चष्मा काढून पुसला आणि दुसरी फाईल ओढली. त्याचे काय चुकले?

गावात बोलले गेले की मास्तर विकला गेला. मला त्या डोंगरावर वीतभर जमीन मिळाली नाही, कोणाचा चहाही मी घेतला नाही. हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. विकला गेलेला माणूस निदान काहीतरी घेऊन जातो.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगतो आणि परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी: प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सभेतून उठू नकोस. बोललीस ते वाऱ्यावर गेले. लिहिले ते राहिले.

आता तुझ्यावर थोडा रागावतो. भाषणात तू म्हणालीस, "पंचायतीने झोन बदलला." नाही, बाये. झोन पंचायत बदलत नाही. तो नगर आणि ग्रामनियोजन खात्यात, 1974 च्या कायद्याखाली ठरतो. जमिनीचा वापर बदलायची सनद जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते, तांत्रिक मंजुरी नियोजन खात्याकडून, आणि सगळ्यात शेवटी बांधकाम परवान्याचा कागद पंचायतीच्या टेबलावर येतो. शेवटच्या टेबलावरच्या माणसाला शिव्या घालणे सोपे, कारण तो रोज दिसतो. तू सरपंचावर ओरडलीस, तो मनात हसला. तुझे बाण चुकीच्या झाडाला लागत होते हे त्याला माहीत होते.

2023 मध्ये त्या कायद्यात कलम 17(2) घातले. नकाशातली अनवधानाने झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी, असे नाव. आणि एकेका सर्व्हे नंबराच्या अशा चुका मग भराभर सापडू लागल्या. 2025 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याआधीच 2024 मध्ये एकेका जागेचा झोन बदलू देणारे कलम 39अ आले होते. त्यात हरकतींसाठी 30 दिवस ठेवले. ते 30 दिवस राजपत्रात छापल्यापासून मोजतात, तुला कळल्यापासून नव्हे. दर गुरुवारी राजपत्र उघडून आपल्या गावचे नाव शोधायला किती वेळ लागतो? तुझ्या रीलपेक्षा कमी. पण हरकत नोंदवताना तुझ्या हातात सर्व्हे नंबर घातलेला ठराव असेल, तर तो गावाचा आवाज होतो. नसेल तर एका शिकलेल्या मुलीचे पत्र.

आणि गावाचा विकास आराखडा म्हणून दरवर्षी जो पंचायतीच्या पैशांचा आराखडा बनतो, तो वेगळाच. त्यात तू कधी डोकावलीस? पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) पैशांतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, 40 टक्के मोकळे. झरीच्या काठाची डागडुजी, पाटाची साफसफाई, विहिरीचा उपसा, सगळे त्यात बसू शकत होते. आमच्याकडे काय बसते? पेव्हरच्या फरश्या. संरक्षक भिंत. स्मशानात पेव्हर. देवळाकडे पेव्हर. मी विनोद करत नाही. ज्या ग्रामसभेत हा आराखडा मांडला जातो, तिला आलेली माणसे मी बोटांवर मोजू शकतो. केरळात 1996 पासून लोकांनी योजना लिहिल्या, गटागटाने बसून, म्हणतात. आपण पेव्हरचा रंग ठरवतो.

आता तुझा प्रश्न.

लोकांना डोंगर नको, असे तुला वाटले, कारण सभेत तीन माणसे म्हणाली, "आमची घरे कधी कायदेशीर होणार ते आधी बोला." त्यांच्यावर तू चिडलीस. मी चिडलो नाही. त्यातल्या एकाचा आजा मुंडकार होता, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. भाटकाराच्या भाटात, म्हणजे बागायतीत, खोप, मग चिऱ्याच्या भिंती, मग मुलांची कुटुंबे, मग वरचा मजला. नकाशावर ते घर बागायतीत येते. त्याला घरदुरुस्तीसाठी कागद मिळत नाही, आणि वरच्या उतरणीवर बाहेरच्या माणसाच्या सहा बंगल्यांना मिळतो. तो जेव्हा "झोन बदला" म्हणतो तेव्हा त्याला आपले छप्पर हवे असते, डोंगर मेला तर चालेल असे तो म्हणत नाही. तू दोन्ही एकत्र ऐकलेस. 1975 चा मुंडकार कायदा वाच. पूर्ण वाच, सारांश नको. आणि मग त्याच्या पायरीवर जाऊन बस. त्याचा सर्व्हे नंबर आणि तुझ्या झरीचा सर्व्हे नंबर एकाच ठरावात येऊ शकतात: वस्ती इथवर, त्याच्या वर नाही. हे त्याला पटले, तर पुढच्या सभेत तो तुझ्या बाजूने बोलेल. नाही पटले तर त्याचे नाही म्हणणेही प्रोसिडिंगमध्ये लिहून घे. होय, तेही. लोकांचा सहभाग म्हणजे तुझ्या मताला होकार, असे तुला वाटते. मलाही तीस वर्षे तसेच वाटत होते.

आमच्याकडे गाऱ्हाणे घालताना एकजण सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवापुढे ते शोभते. ग्रामसभेत सरपंच बोलतो आणि आम्ही "व्हय म्हाराजा", किंवा तू बोलतेस आणि आम्ही "व्हय म्हाराजा". दोन्ही एकच.

तू शेळ-मेळावलीचे उदाहरण दिलेस. सत्तरी तालुक्यातल्या त्या बायांपुढे मी हात जोडतो. त्यांनी वाट अडवली आणि 2021 च्या जानेवारीत आयआयटीचा प्रकल्प तिथून हलवावा लागला. पण मेळावली दहा वर्षांत एकदा होते आणि तिची किंमत काहींनी भरली आहे. ग्रामसभा वर्षातून अनेकदा येते, दर वेळी वही उघडी पडते आणि दर वेळी आपण चहा प्यायला उठतो. पलीकडे बघ, सीमेपलीकडे: सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या 25 गावांनी ग्रामसभांत ठराव केले की आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, आणि माधव गाडगीळांच्या समितीने 2011 च्या अहवालात ते नोंदले. तो भाग पुढेही वादात राहिला, कोर्टातही गेला, पण त्या गावांना "तुमचे म्हणणे काय होते?" असे कोणी विचारू शकत नाही. लिहिलेले आहे.

तुला कोणीतरी सांगेल की ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नसतो. बऱ्याच बाबतींत ते खरे आहे. मलाही कितीदा सांगितले गेले, आणि तेच ऐकून मी दोन वर्षे ग्रामसभेला गेलो नाही. रुसून. कोणाला फरक पडला? माझ्या जागी जो बसला, त्याला तर आनंदच झाला असेल.

मास्टर्सला दिल्लीला जायचे की पणजीच्या संस्थेत नोकरी धरायची, हे माझ्याकडे विचारू नकोस. मला त्यातले कळत नाही, आणि तुला उत्तर आधीच माहीत आहे असे मला वाटते. गेलीस तरी मतदार यादीतले नाव काढू नकोस, एवढेच.

सोमवारी पंचायतीत जा आणि रविवारच्या प्रोसिडिंगची प्रमाणित प्रत माग. दिली नाही तर माहिती हक्काखाली अर्ज कर, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. त्यात "चर्चा झाली" एवढेच असेल, तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी उभी राहा आणि दुरुस्ती सांग. सचिव मान वर करून बघेल. तो माझाच विद्यार्थी, दुसरा. त्याला राग येईल, येऊ दे.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. तो जुना सर्व्हे प्लॅन माझ्या ट्रंकेत आहे, कसरीने कडा खाल्ल्यात, पण लाल पेन्सिल दिसते. नंबर एवढे बारीक आहेत की मला आता वाचवत नाहीत. तू वाच, मी कागदावर उतरवून घेतो.

तुझा,
मास्तर