कानातील सुया आणि माजी सैनिकांच्या वेदना

प्रश्न : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वेदनाशमनासाठी कानात सुया टोचतात, असे वाचले. ही पद्धत कोणती आणि तिच्यामुळे औषधे बंद करता येतात का?

उत्तर : अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर रिचर्ड निमत्झो यांनी २००१ मध्ये ‘बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर’ (रणभूमीवरचा सुया टोचण्याचा उपचार) नावाची ही पद्धत विकसित केली, कानावरील बिंदूंवर उपचार करण्याची आधुनिक मांडणी मात्र फ्रेंच डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकातच केली होती. प्रत्येक कानावर पाच बिंदू ठरलेले असतात. बाणाच्या टोकासारखी इवलीशी सुई एका बिंदूत बसवली, की रुग्णाला थोडे चालायला सांगतात, वेदना किती उरली ते विचारतात आणि मगच पुढची सुई बसवायची की थांबायचे, हे ठरवतात. सुया काही दिवसांत आपोआप गळून पडतात.

ओपिऑइड (अफूच्या वर्गातील तीव्र वेदनाशामक) गोळ्यांच्या अतिवापराने चिंतेत पडलेल्या तिथल्या आरोग्ययंत्रणेला ही पद्धत सोयीची वाटली, कारण तिला वेळ थोडा लागतो आणि ॲक्युपंक्चरतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही ती अल्प प्रशिक्षणात शिकवता येते. अनेकांना लगेच उतार पडतो, पण तो बहुधा तात्पुरता असतो आणि दीर्घकालीन परिणामांचे पुरावे अजून तोकडेच आहेत. त्यामुळे ती पूरक उपचार म्हणूनच घ्यावी. ओपिऑइड गोळ्या स्वतःहून एकदम थांबवणे तर धोक्याचेच. आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आधी सांगावे.