इंडिजिनस म्हणजे इंडियन नव्हे

प्रश्न व्हँकुव्हरहून आला आहे. विचारणाऱ्या बाईंची मुलगी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकते. कॅम्पसवर 'इंडिजिनस स्टुडंट सपोर्ट' आहे, असं तिने फोनवर आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्या मुलांची सोय झाली!" आता तिथल्या मराठी मंडळासाठी एक माहितीपत्रक करायचं आहे. त्यात 'इंडिजिनस स्टडीज'ला 'मूलनिवासी अध्ययन' म्हणावं की 'आदिवासी अभ्यास'? आणि 'सपोर्ट'चं काय करायचं?

आधी आजींचं. 'इंडिया' आला सिंधू नदीवरून. 'इंडिजिनस' आला लॅटिन 'इंदिगेना'वरून, म्हणजे तिथेच जन्मलेला. दोन्ही शब्दांचं नातं केवळ उच्चारापुरतं. ('इंडिगो' मात्र खरोखर आपला, निळीमुळे.) तरी आजींना हसू नका. कॅनडात 1876चा 'इंडियन ॲक्ट' अजून लागू आहे आणि 1982च्या राज्यघटनेचं 35वं कलम तिथल्या मूळ समाजांसाठी 'इंडियन, इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे) आणि मेती (युरोपीय-स्थानिक मिश्र वंशाचे)' असेच शब्द वापरतं. कोलंबसाची चूक तिथल्या कायद्यात अजून नांदते आहे, मग आजींनीच काय घोडं मारलंय? बोलताना मात्र तिथे आता 'इंडियन' म्हणत नाहीत, 'फर्स्ट नेशन्स' म्हणतात.

आता 'मूलनिवासी'. कोशाच्या हिशोबाने हा शब्द सर्वांत जवळचा. पण महाराष्ट्रात तो नुसत्या कोशात राहिलेला नाही. बहुजन चळवळीतल्या एका प्रवाहाने तो अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी या सगळ्यांसाठी मिळून वापरला, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी ती सभा, ते फलक येतात. शिवाय मूळचा कोण, हा आपल्याकडे वादाचाच विषय. 2007 साली संयुक्त राष्ट्रांत इंडिजिनस समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मताला आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं आणि वर सांगितलं, की स्वातंत्र्याच्या वेळी इथे असलेली सगळी जनता आणि तिचे वारस आम्ही मूळचेच मानतो. कॅनडाने त्या दिवशी विरोधात मत दिलं होतं!

म्हणून माझं मत 'आदिवासी'ला. तो काही वेदकाळापासून चालत आलेला शब्द नाही, विसाव्या शतकातला आहे. पण तो ज्यांच्यासाठी आहे, त्यांनीच तो उचलून धरला. रांचीची आदिवासी महासभा 1938ची. घटना समितीत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा याच शब्दासाठी भांडले. घटनेत शेवटी 'अनुसूचित जमाती' आलं, ही गोष्ट वेगळी. 'वनवासी' इथे अजिबात नको. व्हँकुव्हरच्या परिसरातले मस्क्वियम लोक नदीच्या मुखाशी राहणारे, सामन मासा धरणारे. त्यांना वनात कशाला धाडायचं?

'अध्ययन' हिंदीत चालतं. मराठीत ते बीएडच्या वर्गात 'अध्ययन-अध्यापन' होऊन बसलं आहे, म्हणजे शिकणं. विषयाच्या नावाला 'अभ्यास' बरा. पुणे विद्यापीठात 'स्त्री अभ्यास केंद्र' आहेच. माझी एकच तक्रार, 'आदिवासी अभ्यास' वाचलं की कुणीतरी वही घेऊन पाड्यावर मोजमाप करायला निघालाय असं वाटतं. कॅनडात या विषयाचा रोख नेमका त्याच्या उलट आहे: त्या समाजातलेच लोक शिकवतात, आपला इतिहास आपल्या बाजूने मांडतात.

'सपोर्ट'ला 'समर्थन' लिहिलंत तर घोटाळा होईल, मराठीत समर्थन भूमिकेचं किंवा उमेदवाराचं करतात. 'विद्यार्थी आधार केंद्र' लिहिलंत, तर लोक बोटांचे ठसे द्यायला रांग लावतील. 'साहाय्य' लिहा, आणि 'सा'ला काना द्या. सहायक बिनकान्याचा, साहाय्य कान्याचं.

एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रकात अडेल: 'एल्डर'. त्या विद्यापीठात 1993 साली उभारलेलं लाकडी लाँगहाउस (फर्स्ट नेशन्सच्या पद्धतीची लांबट इमारत) आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांशी बोलायला, एखाद्या कार्यक्रमाची सुरुवात करून द्यायला एल्डर येतात. 'ज्येष्ठ नागरिक' केलंत तर एसटी बसच्या सवलतीची आठवण येईल. हा मान वयाने मिळत नाही, जाणतेपणाने समाज तो देतो. वारल्यांच्या लग्नात धवलेरी (लग्न लावणारी बाई) गायल्याशिवाय लग्न लागत नाही, तिथे तिचं वय कुणी विचारत नाही. मी 'जाणती मंडळी' लिहीन.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पत्रकात नुसतं 'आदिवासी विद्यार्थी साहाय्य' छापलंत, तर नंदुरबारहून आलेला एखादा भिल्ल मुलगा जमातीचा दाखला घेऊन दारात उभा राहील, आणि चूक त्याची नसेल. तेव्हा 'कॅनडातील आदिवासी विद्यार्थी (फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेती) साहाय्य केंद्र' असं पूर्ण लिहा. एक ओळ वाढेल, वाढू द्या.