एकच दागिना हार, ब्रेसलेट आणि ब्रोच म्हणून वापरायचा असेल तर घेताना काय तपासावं?

आधी फासा (दागिन्याची टोकं अडकवायची कळ) बघा, नक्षी नंतर. असा दागिना रोज उघडला-लावला जातो, त्यामुळे झीज होते ती जोडांचीच.

हाराची दोन ब्रेसलेट होणार असतील तर लांबी मोजून घ्या. 7 इंचाची दोन मिळून 14 इंच होतात आणि बहुतेक गळ्यांना तेवढा हार आवळतो. 2 ते 3 इंचांचा वेगळा जोडतुकडा हवाच. सगळे फासे एकाच मापाचे हवेत, नाहीतर तुकडे एकमेकांत बसत नाहीत. पेटीफासा (ज्यात दुमडलेली पट्टी छोट्या पेटीत सरकून अडकते) असेल तर लावताना स्पष्ट ‘टक्’ आवाज यायला हवा. आवाज बोदा झाला की आतली पट्टी सैल पडली असं समजा. ती सोनाराकडून वाकवून घेता येते, पण वारंवार वाकवली तर तुटते. म्हणून सोबत सुरक्षाकडी असलेलाच घ्या.

पेंडंटचा ब्रोच होत असेल तर मागची पिन आडवी आणि मध्यापेक्षा थोडी वर हवी. खाली असेल तर ब्रोच पुढे कलंडतो. पातळ कापडावर जड ब्रोच लावूच नये.

कानातल्याचं लटकन सुटं होत असेल तर उघडा आकडा टाळा, केसांत अडकून निसटतो. बंद होणारी कडी बरी. फिरकीचे आटे हालचालीने ढिले होतात, घालण्याआधी बोटाने आवळा. गोंद मात्र कधीच लावू नका.