खरखर पुसू नका

प्रश्न : सासऱ्यांनी जुन्या जॅझ क्लॅरिनेटच्या सीडींचा संच दिलाय, १९१७ पासून सालवार लावलेला. पहिली सीडी अर्ध्यावर बंद केली. सगळेच एकदम वाजवतात, वर खरखर. कॉम्प्युटरवर ती काढून टाकू का? आणि यात नेमकं ऐकायचं काय?

उत्तर : सालवार ऐकायला बसलात, तिथेच फसलात. मीही फसलो होतो. १९१७ चं ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ लावलं, त्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवलं आणि घरातले सगळे हसत उठून गेले.

थेट १९३० वर जा. ड्यूक एलिंग्टनचं ‘मूड इंडिगो’. तोंड झाकलेला ट्रम्पेट वर, त्याच्या लगत ट्रॉम्बोन, आणि एरवी सगळ्यांच्या डोक्यावर नाचणारं क्लॅरिनेट चक्क तळाशी, खर्जात. बार्नी बिगार्डचा तो घुमणारा लाकडी सूर एकदा कानात बसला, की गर्दीतही सापडतो. या वाद्याची गंमत अशी, की बोटं तीच ठेवून वरची कळ दाबली तर ‘सा’चा तार ‘सा’ होत नाही. सूर थेट त्याच्या पुढच्या पंचमावर उडी घेतो. म्हणून खालचा आणि वरचा आवाज दोन वेगळ्या वाद्यांचे वाटतात.

मग सिडनी बेशेचं १९४४ चं ‘ब्लू होरायझन’. संथ ब्लूज, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच पुढे. स्वरांना काय मींड घेतो! क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनची १६ जानेवारी १९३८ ची कार्नेगी हॉलची मैफलही ऐका, पण ‘सिंग, सिंग, सिंग’मध्ये माझ्या मते जेस स्टेसीचा पियानोच भाव खाऊन जातो.

आता खरखर. ती काढायचा उद्योग मी जॉनी डॉड्सच्या क्लॅरिनेटवर करून बसलोय. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा अख्खा बँड मायक्रोफोनशिवाय, रेकॉर्डिंगच्या कर्ण्यासमोर वाजवत होता, डॉड्स त्यातलाच. खरखर काढली, तर त्याच्या सुराची धारच गेली. घोंगडीखाली बसून वाजवतोय जणू! धार ज्या वरच्या कंपनांत असते, तिथेच खरखरही मिसळलेली. राहू द्या. तीन-तीन मिनिटांच्या तर चिजा, तबकडीच्या एका बाजूवर मावतील एवढ्याच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कान आपोआप खरखरीच्या पलीकडे जातो.

आणि सासऱ्यांना त्यांची आवडती विचारा. आर्टी शॉचं ‘बिगिन द बिगीन’ म्हणतील, असा माझा अंदाज.