लाल टोपीची सिरिंज

“मॅडम, पेशंटबद्दल काही वाटेनासंच झालंय. मी वाईट नर्स आहे का?” हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्या सिस्टर बऱ्याच असतात. त्यातलीच ही एक, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. वय 31, खासगी रुग्णालयाचा मेडिकल वॉर्ड, नोकरीची आठ वर्षं.

तिची सलग पाचवी नाइट होती. 34 पेशंट, ड्यूटीवर दोघी. रात्री 10 चं इन्सुलिन भरताना एकीकडे बेल वाजत होती, दुसरीकडे नातेवाईक, “सिस्टर, सलाइन संपलंय.” हाताला लाल टोपीची सिरिंज लागली. ती मिलीला 40 युनिट असलेल्या इन्सुलिनच्या वायलसाठी (बाटलीसाठी). समोरची वायल 100 ची, तिला नारिंगी टोपीची लागते. ऑर्डर 12 युनिटची. लाल सिरिंजवर 12 ची रेघ म्हणजे 0.3 मिली, आणि 100 च्या वायलमधले 0.3 मिली म्हणजे 30 युनिट! झोपेत साखर उतरली असती तर कळायलाही उशीर झाला असता. शेजारची स्टुडंट म्हणाली, “सिस्टर, टोपी लाल आहे ना?” म्हणून निभावलं.

तेव्हापासून ती प्रत्येक डोस चार-चारदा तपासायची. राउंड लांबायचा, इंजेक्शनांना उशीर व्हायचा, चिडचिड व्हायची. पेशंट ‘कॉट नंबर 9’ झाले. घरी पोहोचल्यावर वॉर्डात फोन, “अँटिबायोटिक मी लावलं होतं ना?”

हे बधिरपण म्हणजे स्वभाव बिघडणं नव्हे. दमलेलं मन आधी माया आखडतं, म्हणजे काम तरी रेटता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या वर्गीकरणात बर्नआउट (कामानं पार थकून, आटून जाणं) हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदला आहे. मात्र सुट्टीच्या दिवशीही दोन आठवडे मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीही फोन उचलतात. हिला सुट्टीत बरं वाटत होतं.

पहिल्या भेटीत ध्यान वगैरे काही दिलं नाही. (12 मे ला परिचारिका दिन म्हणून नाइट करून आलेल्यांना योगासनांना बसवणारी रुग्णालयं आहेत!) तीन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली: ड्यूटी, झोपेचे तास, चुका आणि चुकता चुकता राहिलेल्या गोष्टी. वहीत दिसलं ते स्पष्ट होतं. चुका चौथ्या नाइटपासून पुढे, बहुतेक पहाटे 3 नंतर. सकाळी 8 ला पुढच्या ड्यूटीला वॉर्ड सोपवून घरी, मग मुलाचा डबा, सासूबाईंचा दवाखाना. झोप जेमतेम चार तास. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं लक्ष थोडी दारू प्यायल्यासारखं ढळतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

घरच्यांशी बोलून 9.30 ते 2 अंधाऱ्या खोलीत झोप ठरली, संध्याकाळी आणखी दीड तास. उजेडानं झोप उडू नये म्हणून परतताना गॉगल, रात्री 2 नंतर चहा नाही. तपासणी एकदाच: औषधाचं नाव, डोस, पेशंटचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि लगेच सही. इन्सुलिनला दुसरीची नजर. वॉर्डात फोन करावासा वाटला तर अर्धा तास थांबायचं. पहिला आठवडा तिला हे फार जड गेलं. तपासून मिळणारा दिलासा टिकत नाही, त्यातून पुन्हा तपासायची ओढच वाढते.

मेट्रनकडे (नर्सच्या प्रमुखांकडे) “खूप ताण आहे” म्हणत गेलं की “सगळ्यांनाच असतो” हे उत्तर ठरलेलं. म्हणून ती वही घेऊन गेली आणि तीनच गोष्टी मागितल्या: सलग तीनपेक्षा जास्त नाइट नको, लाल आणि नारिंगी सिरिंज वेगळ्या ड्रॉवरमध्ये, औषधांच्या राउंडला बेल दुसरीनं पाहायची. ड्रॉवर त्याच दिवशी वेगळे झाले. बेलचं ठरलं, पण दोघींतली एक अॅडमिशनमध्ये अडकली की मोडतं. नाइट चारवर आल्या.

माणसं मात्र वाढली नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. इथे अजूनही 34 ला दोघी. त्यावर समुपदेशकाकडे औषध नाही, आणि तिलाही ते तसंच सांगितलं. सहाव्या भेटीत ती कॉट 9 च्या आजोबांबद्दल बोलत होती, नावानिशी. घरून वॉर्डात फोन अजून आठवड्यातून एकदा होतो.