मानवंदना : दिली, घेतली की स्वीकारली?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या दीक्षान्त संचलनाच्या बातम्या वाचून कोथरूडच्या एका आजोबांनी विचारलं आहे : ‘एकीकडे “पाहुण्यांनी छात्रांना मानवंदना दिली” असं छापतात, दुसरीकडे “मानवंदना स्वीकारली”. नातू म्हणतो, फोटोत पाहुण्यांचा हात वर आहे, म्हणजे त्यांनीच दिली. शिवाय “मानवंदना घेतली” हे इंग्रजीतल्या “टेक द सॅल्यूट”वरून उचललेलं वाटतं. खरं काय?’

मानवंदना छात्रांनी दिली, पाहुण्यांनी घेतली किंवा स्वीकारली. तरी नातवाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, सगळ्या घोळाचं मूळ त्या फोटोतच आहे.

मैदानावर काय चालतं ते आठवा. तुकडी मंचासमोर येते, ‘दाहिने देख’ असा हुकूम सुटतो आणि एका झटक्यात माना उजवीकडे वळतात. फक्त उजव्या कडेची रांग नाकासमोर बघत चालते, नाहीतर सगळी तुकडीच तिरकी जायची. (शाळेच्या क्रीडादिनी मी या कडेच्या रांगेत होतो. उत्साहाच्या भरात मीही मान वळवली आणि पुढच्याच्या टाचेवर पाय देऊन त्याचा बूट काढला. प्रमुख पाहुणे हसले, पीटीचे सर हसले नाहीत.) छात्रांचे हात बंदुकीत गुंतलेले, म्हणून त्यांची मानवंदना मानेची आणि नजरेची. तिला उत्तर म्हणून मंचावरची व्यक्ती हात कपाळाशी नेते. कॅमेरे मंचाकडे तोंड करून असतात, त्यांना दिसतो तो एवढाच हात. मथळा लिहिणाऱ्यापुढे फोटो तेवढा असतो, आणि तो ‘दिली’ लिहून मोकळा होतो.

या हातावरून एकदा देशभर वाद झाला होता. २६ जानेवारी २०१५ च्या संचलनातला एक फोटो पसरला. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी, पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे हात वर, उपराष्ट्रपती हमीद अन्सारी मात्र नुसते सावधान उभे. ‘सॅल्यूट केला नाही’ म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की मानवंदना घेतात ते प्रमुख मान्यवर म्हणून राष्ट्रपती. साध्या पोशाखातल्या इतरांनी सावधान उभं राहायचं असतं. संविधानाच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांची सर्वोच्च धुरा राष्ट्रपतींकडे आहे, तेव्हा मानवंदनाही त्यांचीच. आरोप होता ‘दिली नाही’ असा आणि मुद्दा होता घ्यायची कोणी याचा. क्रियापद जागेवर असतं तर निम्मा वाद तरी मिटला असता असं मला वाटतं.

आता ‘घेणे’. ते इंग्रजीतून आलेलं नाही, इंग्रजीशी जुळलं हा योगायोग. ‘मुजरा घ्यावा, महाराज’ हे आपण ऐतिहासिक नाटकांत ऐकत आलो आहोत. जुन्या पत्रांत ‘रामराम घ्यावा’, खेड्यात अजूनही ‘दंडवत घ्या माऊली’. वडीलधाऱ्याने आदर घ्यायचा, ही मराठीची जुनी रीत. ‘स्वीकारली’ थोडं पुस्तकी, पण चूक नाही. वाकून नमस्कार करणाऱ्याच्या डोक्यावर आजीने हात ठेवला म्हणून आजीने नमस्कार ‘केला’ असं कोणी म्हणत नाही. तसंच हे.

देणाऱ्याच्या बाजूला मात्र मराठी बारीक भेद करते. नमस्कार, मुजरा, सलाम आपण ‘करतो’. सॅल्यूट मारतो किंवा ठोकतो, त्यातही तो ‘कडक’ असला तर उत्तम. मानवंदना आणि सलामी मात्र ‘देतात’. माझ्या कानाला सलाम एकट्याचा वाटतो आणि सलामी तुकडीची, निशाणाची, तोफांची. प्रजासत्ताक दिनी २१ तोफांची सलामी होते, तेव्हा ती कुणा एका तोफचीची नसते.

याला सणसणीत अपवाद कुस्तीचा. तिथे दोघेच असतात, तरी हाताला हात लागला की ‘सलामी झडली’ म्हणतात. क्रिकेटमधली सलामीची जोडी आणि सलामीवीर याच आखाड्यातून आले असावेत, असा माझा कयास आहे, कारण सलामी म्हणजे झुंजीची सुरुवात हा अर्थ मैदानी तोफांपेक्षा लाल मातीतच पक्का बसतो. दहीहंडीत थर लावून हंडी न फोडता उतरतात, तीही सलामीच.

दिशा उलटते ती स्मारकापाशी. घोरपडीच्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहून जनरलसाहेब सॅल्यूट करतात तेव्हा मानवंदना तेच देतात, घेणारे तिथे दगडावर कोरलेले असतात. मंत्री आले तरी तेच. म्हणजे हात कोणाचा वर आहे हे बघू नका, मान कोणाचा आहे ते बघा.

खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला नीरज चोप्राचं नाव दिलं गेलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते, सोबत लष्करप्रमुख मनोज नरवणे, म्हणजे पुण्याचेच. अशा वेळी ‘नीरजला मानवंदना’ असा मथळा मोहात पाडतो. पण तो सत्कार. गंमत अशी की नीरज तेव्हा सैन्यात सुभेदार होता. गणवेशात असला तर मानवंदना त्याने द्यायची आणि सत्कार त्याने घ्यायचा, दोन्ही त्याच लष्करप्रमुखांसमोर.

राष्ट्रपती स्वतः देतात ते निशाण, म्हणजे सन्मानाचा ध्वज. १ डिसेंबर २०२३ ला द्रौपदी मुर्मू यांनी सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाला ‘राष्ट्रपती निशाण’ प्रदान केलं, त्याच्या आदल्याच दिवशी खडकवासल्याला संचलनाचं निरीक्षण केलं होतं. निशाण हा शब्द इथे अगदी चपखल. इंग्रजीतल्या ‘प्रेसिडेंट्स कलर’कडे बघून ‘राष्ट्रपती रंग’ करणाऱ्यांना रंगपंचमीची आठवण करून द्यावी. आणि हिंदीतून येणारं ‘संचलनाची समीक्षा केली’ हेही नको. आपल्याकडे समीक्षा कवितासंग्रहाची होते, आणि तिथे कवीला सावधान उभं राहावं लागतं.